वाट मोकळी

फोटोवर कुणीतरी लाल वर्तुळ काढलं होतं. तो फोटो आला तेव्हा वेतुरिया झऱ्याच्या पाण्याचा जडपणा मोजत होती. ब्युरेटमधून एकेक थेंब सोडायचा, दुसऱ्या हाताने चंबू गोल हलवत राहायचं आणि ज्या थेंबाला लाल पाणी निळं होईल त्या थेंबाला थांबायचं. हे काम ती एकतीस वर्षं करत होती आणि ते चालू असताना ती कुणाशी बोलतही नसे. पण वहीशेजारी ठेवलेला मोबाइल थरथरला आणि तिने मान वळवली. फाटकावरच्या निकोदिमने ग्रुपवर पुढे पाठवलेला फोटो होता. फोटो मुळात तिनेच ग्रुपवर टाकलेला. चढाची वाट, वाटेच्या टोकाला झऱ्याच्या दगडी खोलीचं दार, आणि डाव्या बाजूला, बीचच्या झाडांखाली, जे काही काळसर होतं त्याच्याभोवती ते वर्तुळ. खाली कुणा अनोळखी माणसाने लिहिलं होतं, ‘आता तरी दिसलं का? वीस मिनिटं आधीपासून दबा धरून बसलीय. आणि हा शहाणा फोटो बघून निघाला!’ तिने पुन्हा चंबूकडे पाहिलं तर पाणी निळं झालेलं होतं. हात आपला सवयीने थेंब सोडतच होता. एका थेंबाने पाणी जितकं निळं होतं तितकंच ते वीस थेंबांनीही दिसतं. आपण किती पुढे निघून आलो हे रंगावरून कळत नाही. तिने चंबू मोरीत ओतला, धुतला, आणि नव्याने पाणी मोजून घेतलं. दुसऱ्यांदाही तिला तो थेंब सापडला नाही.

प्रयोगशाळेच्या खिडकीतून वाटेचं फक्त पहिलं वळण दिसे. खाली बाटल्या भरायच्या पट्ट्याचा खणखणाट दिवसभर चालू असायचा, इतका की तो थांबला तरच लोक माना वर करत. झरा चारशे मीटर वर, जंगलाच्या कडेला. त्याचं पाणी नळाने खाली येई, पण नमुना मात्र झऱ्याच्या तोंडाशीच जाऊन घ्यावा लागे, रोज सकाळी आठ वाजता. आणि त्यानंतर पाइपवाल्या पोंपिलियूने वर जाऊन जाळी साफ करायची. आधी प्रयोगशाळा, मग पाइपवाला, कारण जाळी हलवली की गाळ उठतो आणि नमुना वाया जातो. या क्रमातूनच ती रीत पडली होती. नमुन्याला जाणाऱ्याने दुसऱ्या वळणावरच्या बाकाशी उभं राहायचं, तिथून दारापर्यंतची वाट दिसते, तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा आणि लिहायचं, ‘वाट मोकळी’. ग्रुपचं नाव ‘विहीणबाई’. हे नाव पोंपिलियूने ठेवलं. न बोलावता येते, पोटभर खाते, जाताना काहीतरी उपटून नेते आणि तिला तोंडावर काही बोलता येत नाही, म्हणून विहीणबाई. तशी ती मोठी अस्वलीण होती, उजव्या खांद्यावर पांढुरका डाग असलेली. ती दिसली की कायद्याने तातडीच्या नंबरावर कळवायला हवं होतं. पण कळवलं की खोऱ्यातल्या प्रत्येक मोबाइलमधून एकदम भोंगा ओरडे, पट्टा बंद पडे, अतिथीगृहातली माणसं सामान बांधायला लागत, आणि कारखान्याचे इंजिनिअरसाहेब दोन दिवस कुणाशी नीट बोलत नसत. दोनदा तसं झालं. तिसऱ्यांदा कुणी कळवलं नाही, ग्रुप केला. अडीच वर्षं तो बिनचूक चालला होता. इतका बिनचूक की फोटो कुणी बघतच नसे. फोटो आला की नाही, एवढंच बघत.

तिने मोबाइल पालथा ठेवला. मग पुन्हा सुलटा केला. वर्तुळ तिथेच होतं. काढणाऱ्याने ते सावकाश, बोटाने काढलं असावं. एका ठिकाणी टोकं जुळली नव्हती आणि त्या फटीतून काळ्याचा थोडा भाग बाहेर आल्यासारखा वाटे. नेटवर साठ हजार लोकांनी हे पाहिलं होतं. साठ हजार लोकांपैकी एकानेही विचारलं नव्हतं की सोळा ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता या वाटेवर ऊन कसं. ती वाट डोंगराच्या पोटात आहे. ऑक्टोबरच्या मध्यात तिथे दहाच्या आधी ऊन पोचत नाही. फोटोत मात्र दाराच्या दगडावर उन्हाची एक बोटभर पट्टी होती. आणि पानं. सोळा तारखेच्या दोनच दिवस आधी वारा सुटला होता आणि बीच निम्मे उघडे पडले होते. फोटोतले बीच भरलेले होते, नुसते कडेकडेने तांबूस. हे सगळं त्या फोटोत होतं, कुणीही बघावं असं. लोक वर्तुळाच्या आत बघत होते.

फोटो बारा सप्टेंबरचा होता. हे जगात तिला एकटीला माहीत होतं.

सोळा ऑक्टोबरला ती पावणेआठला नमुन्याच्या बाटल्या टोपलीत ठेवून, बूट चढवून, दाराशी आली होती. बुटाची नाडी बांधायला खाली बसली तेव्हा मोबाइल हातात होता. अंगठ्याने सहज पडदा सरकवला आणि स्मरांदा दिसली. स्मरांदा तिची मुलगी, सहा वर्षं परदेशात, झारागोझात, म्हाताऱ्यांच्या कुठल्याशा निवासात कामाला. फोटोत ती एका पिवळ्या भिंतीला टेकून उभी होती, बाजूने, आणि दोन्ही हात पोटावर. पोट चांगलं पाच-सहा महिन्यांचं. शेजारी दाढीवाला एक मुलगा, त्याला वेतुरियाने कधी पाहिलं नव्हतं. खाली एकशे बारा जणांनी अभिनंदन केलेलं. त्यात खालच्या आळीतली न्हावीण होती, शाळेतली जुनी बाई होती, निकोदिमची बायको होती, तिने तर आदल्या रात्रीच लिहिलं होतं, ‘आजीबाईंना आमचा नमस्कार सांग हो!’ वेतुरियाने नाडी अर्धवट सोडली आणि स्टुलावर बसली. तिला राग आला नाही; निदान रागासारखं काही वाटलं नाही. तिने हिशोब केला. पाच महिने म्हणजे मे. जूनमध्ये स्मरांदाने फोनवर सांगितलं होतं की इथे फार उकडतं, जेवण जात नाही. तेव्हा आपण काय म्हणालो? ताक पी, म्हणालो. ऑगस्टमध्ये ती नेहमीसारखी आली नाही, सुट्टी मिळत नाही म्हणाली. तेव्हा आपण काय म्हणालो? ती एकेक फोन आठवत मागे गेली, आणि प्रत्येक फोनमध्ये एक जागा सापडली जिथे विचारता आलं असतं. फोटो मोठा करून तिने मुलीचे पाय पाहिले, सुजलेत का ते. घड्याळात आठ वाजून तीन मिनिटं झालेली पाहिली तेव्हा तिला आधी वाटलं ते एवढंच, की उशीर झाला, खाली पोंपिलियू निघायचा थांबला असेल. तिच्या मोबाइलमध्ये त्या वाटेचे दोनशेवर फोटो होते, सगळे सारखे. तिने वर सरकवून एक उचलला. लिहिलं, ‘वाट मोकळी’. वहीत लिहिलं, आठ वाजता, नऊ पूर्णांक चार अंश. झऱ्याचं तापमान उन्हाळा-हिवाळा तेवढंच असतं. नमुना म्हणून तिने आदल्या संध्याकाळचं उरलेलं पाणी घेतलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. नाडी बांधायची राहिली ती राहिलीच.

पोंपिलियूने लगेच उत्तर टाकलं होतं. ‘निघालो. विहीणबाई भेटल्या तर तुमचं नाव सांगतो, ताई.’ तो नेहमी असंच काहीतरी लिही. अडतीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, खिशात सतत सूर्यफुलाच्या बिया. विहीणबाईंना नाव देणारा तो आणि वसंतात तिचा व्हिडिओ काढणाराही तोच: फाटकाशी मागच्या पायांवर उभी राहून ती दह्याचा डबा दोन्ही पंजांत धरून चाटतेय, आणि मागून पोंपिलियूचा आवाज, ‘सावकाश, सावकाश, विहीणबाई, घरचंच आहे!’ चार लाख लोक हसले. मग गाड्या यायला लागल्या. अतिथीगृहाच्या वळणावर लोक काचा खाली करून बिस्किटं टाकत, लेकरांना पुढे करून फोटो काढत. आधी ती माणूस दिसला की बाजूला व्हायची. ऑगस्टपासून ती माणूस दिसला की जवळ यायला लागली. हे वेतुरियाने एकदा जेवणाच्या सुट्टीत बोलून दाखवलंही होतं, तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली होती आणि पोंपिलियू म्हणाला होता, ‘ताई, तुम्ही तिची पण वही ठेवा, तापमान घ्या सकाळ-संध्याकाळ.’ त्यावर तीसुद्धा हसली होती.

आठ वाजून पंचवीस मिनिटांनी निकोदिमची शिट्टी ऐकू आली. नंतर पट्टा थांबला. ती शांतता अजून तिच्या कानात होती, एखादी वस्तू असावी तशी. पोंपिलियू वाचला कारण त्याने जाळीची लोखंडी चौकट मधे धरली आणि स्वतःला खोलीत ओढून घेतलं. डाव्या हाताची तीन बोटं गेली, डोक्याला बेचाळीस टाके. विहीणबाईला तिसऱ्या दिवशी गोळी घातली. निकोदिम पाहायला गेला होता. आल्यावर म्हणाला, पोटात रॅपर होते, चकचकीत, पचलेले नाहीत.

आणि आता हे वर्तुळ. अनोळखी लोकांचं तिने मनावर घेतलं नसतं. पण निकोदिमने फोटोखाली स्वतःही लिहिलं होतं. ‘मीपण आधी म्हटलं हे ते जुनं खोड असेल. पण खोड तर मीच सप्टेंबर अखेरीला कापून नेलं, माझ्या चुलीत जळतंय. म्हणजे हीच ती.’ दोन हिवाळ्यांपूर्वी वादळात उन्मळलेला बीच होता तो, मुळांसकट आडवा. जंगलखात्याची परवानगी काढून निकोदिमने करवतीने त्याचे तुकडे केले होते. बारा सप्टेंबरला तो जागेवर होता. सोळा ऑक्टोबरला नव्हता. तेव्हा ज्यांना ती वाट माहीत नव्हती त्यांना वाटत होतं की तिथे अस्वल आहे. आणि ज्यांना ती वाट हाताच्या रेषांसारखी माहीत होती त्यांची तर खात्रीच झाली होती. खाली एकामागून एक आले. ‘बरोबर, खोड नव्हतंच.’ ‘मी शुक्रवारी गेले तेव्हा नुसता भुसा होता तिथे.’ सगळे खरं बोलत होते. खऱ्याच्या एकेका विटेने ते भिंत रचत होते आणि आत ती होती.

अकराला इंजिनिअर ओक्ताव्ह वर आले. त्यांनी दार लावून घेतलं, हे ते एरवी करत नसत.

“वेतुरियाबाई, उद्या अकराला तपासणीवाले येतायत. तुमच्याकडून तीन ओळी हव्यात. मी टाइप करूनच आणल्यात, तुम्हाला त्रास नको.”

तिने कागद घेतला. *सोळा ऑक्टोबर रोजी सकाळी आठ वाजून चार मिनिटांनी मी सोबत जोडलेला फोटो ग्रुपवर पाठवला. पोंपिलियू यांनी तो पाहिल्याचं त्याच ग्रुपवर कळवलं. त्यानंतर ते झऱ्याकडे गेले.*

“यात काही खोटं आहे का?” साहेबांनी विचारलं.

“नाही.”

“मग?”

“ग्रुपबद्दल तुम्हाला माहीत होतं, साहेब.”

“मला?” ते हसले आणि हसू तसंच ठेवून म्हणाले, “असा काही ग्रुप आहे हे मला पेपरात वाचून कळलं. आपसात केलेली गंमत ती तुमची. आता त्यात फोटो आहे, फोटोत अस्वल आहे, ते शेंबड्या पोरालाही दिसतंय. त्याला दिसलं नाही, याला कारखाना काय करणार? बेफिकिरी म्हणतात त्याला. आणि तुम्ही तर तुमचं काम चोख केलंत. तुमच्यावर काहीच येत नाही, उलट.”

“त्याची अपघाताची पेन्शन?”

“स्वतःच्या चुकीने झालं असेल तर नाही मिळत, नियम आहे. पण आम्ही काय टाकून देणार आहोत त्याला? फाटकावर बसवू की. तीन बोटांवाचून शिट्टी वाजते. तो तयार आहे, काल फोनवर बोललो. आज चार वाजता जाऊन त्याची सही घेतो.” दाराशी थांबून त्यांनी विचारलं, “तुम्ही आधी नव्हतं ना पाहिलं ते? फोटो काढताना?”

“नाही,” ती म्हणाली. हेही खरं होतं.

ते गेल्यावर ती कागद पुन्हा वाचत राहिली. ‘पाठवला’ होतं, ‘काढला’ नव्हतं. कुणी मुद्दाम तिच्यासाठी शब्द निवडावेत तसं ते बसत होतं. त्या तीन ओळींत ती पूर्ण प्रामाणिक होती आणि तिला फक्त आत शिरून उभं राहायचं होतं. तिने खिशातून पेन काढलंही. तेवढ्यात स्मरांदाचा फोन आला. पोटाबद्दल त्यांचं बोलणं झालं होतं, त्या दिवशी संध्याकाळीच, अपघाताच्या गोंधळात. ‘मी तुला आधी सांगणार होते आई, पण तू लगेच तारखा विचारल्या असत्यास.’ आज ती घाबरलेली वाटली.

“आई, तो फोटो इथे माझ्या कामावरच्या बाईनेसुद्धा दाखवला मला. तूच काढलायस ना? तुला कसं दिसलं नाही गं ते?”

“तुला दिसतं?”

“म्हणजे काय, समोर तर आहे. कान, पाठ, सगळं. तू चष्मा लावला नव्हतास का?” मग आवाज उतरला. “तुझं नाव नाही ना आलं कुठे? बरं. काही बोलू नकोस कुणाशी. गप्प बसलं की लोक विसरतात.”

“झोप लागते का तुला?” वेतुरियाने विचारलं.

“लाथा मारतं रात्रभर,” स्मरांदा म्हणाली. वेतुरियाला वाटलं, आत्ता हिला सांगावं, तुझाच फोटो बघत बसले होते मी. पण हे वाक्य एकदा त्या पोटापर्यंत पोचलं की परत घेता येणार नाही. ज्याचा जन्मही झाला नाही त्याच्या नावावर तीन बोटं. तिने फोन ठेवला, कागद घडी करून पिशवीत टाकला, आणि अर्ध्या दिवसाची रजा लिहिली.

जिल्हा रुग्णालयाच्या बसला पन्नास मिनिटं लागतात. ती दर बुधवारी जात असे. पहिल्या आठवड्यात आंबट सूप नेलं, दुसऱ्या-तिसऱ्यात कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, आज झकुस्काची बरणी, वांगी आणि लाल मिरच्या विस्तवावर भाजून तिने सप्टेंबरात घातलेली. सप्टेंबर हा शब्द मनात आला आणि बरणी मांडीवर जड झाली. खिडकीबाहेर नदी, लाकडाच्या थप्प्या, पुन्हा नदी. तिला तो फोटो पुन्हा पाहायचा नव्हता आणि ती तो पाहत होती. तिला त्या खोडाचा प्रत्येक भाग माहीत होता. डावीकडे फुटलेलं मूळ, वर शेवाळ, एक ढोलीसारखी खाच. तिने मूळ शोधलं. मूळ दिसलं नाही. तिथे कान होता. तिने डोळे मिटून उघडले. ढोली शोधली तर तिथे वळलेली मान होती, आणि ती मान, कितीही लांबून पाहिली तरी, कॅमेऱ्याकडे वळलेली होती. बसमधली माणसं जशीच्या तशी बसलेली होती. तिला वाटलं की आपण त्या दिवशी गेलो असतो तर. विहीणबाई तिथे असती, तर कदाचित आपण पाहिलं असतं आणि कळवलं असतं. किंवा आपल्यावरच आली असती. किंवा ती तेव्हा तिथे नसतीच, आपण ‘वाट मोकळी’ लिहून खाली आलो असतो आणि ती पाच मिनिटांनी आली असती, आणि सगळं असंच झालं असतं. तिसरी शक्यता तिने रोज रात्री घासूनपुसून पाहिली होती. ती नाकारता येत नव्हती. पण मोजलं नाही ते मोजलं नाही. न मोजलेल्याच्या जागी वहीत आकडा असू नये, एवढंच तिला शिकवलं होतं. वही भरायचा एकच नियम तिने आयुष्यात कधी मोडला नव्हता: खाडाखोड करायची नाही. चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहायचं, सही, तारीख.

पोंपिलियू उशीला टेकून बसला होता. डोक्याला पांढरी टोपी, डावा हात पट्ट्यांत गुंडाळून मांडीवर ठेवलेला, जणू दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिलेला. त्याची बायको सांदा खुर्चीत बसून सफरचंद कापत होती.

“या ताई,” तो म्हणाला. “सांदा, बघ, आज झकुस्का आलं. मी आणखी दोन बोटं गमावली तर केक मिळेल.”

“गप्प बस रे मेल्या,” सांदा म्हणाली, आणि वेतुरियाला जागा करून दिली. “दिवसभर तो मोबाइल बघत पडतो. किती सांगितलं, नको वाचूस.”

“अगं, मजेदार लिहितात लोक. एकाने मला चष्मा पाठवायचं कबूल केलंय.” तो हसला, पण डोळे हसले नाहीत. मग हळू म्हणाला, “ताई, तुम्हाला सांगू का? मी पाहिलं होतं ते.”

“काय?”

“ते काळं. फोटोत. तेव्हाच, खाली उभा असताना. आता मला स्पष्ट आठवतंय. मी पाहिलं आणि मला वाटलं, खोड आहे. खोड तर निकोदिमने नेलेलं, मीच एक टोक धरलं होतं गाडीत चढवायला! आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही.” त्याने उजव्या हाताने कपाळ चोळलं. “रात्री डोळे मिटले की मी तिथेच उभा असतो, मोबाइल हातात. बघतो. म्हणतो, खोड आहे. आणि निघतो. रोज निघतो. साहेब बरोबर बोलतात, ताई. माझंच चुकलं. सही करून मोकळा होतो.”

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. सांदाने सफरचंदाची फोड त्याच्या तोंडाशी नेली. वेतुरियाने पाहिलं की ती फोड अगदी लहान होती, लहान मुलासाठी करतात तशी.

“खोडच होतं ते, पोंपिलियू,” ती म्हणाली.

“अहो, खोड नेलं होतं ना—”

“फोटोत खोडच आहे. फोटो बारा सप्टेंबरचा आहे. मी त्या दिवशी वर गेलेच नाही.”

तिने हे वहीत लिहिल्यासारखं सांगितलं, आणि मग बाकीचंही, क्रमाने: पावणेआठ, बूट, स्टूल, आठ वाजून चार. मुलीच्या फोटोबद्दल ती फक्त म्हणाली, “मोबाइल बघत बसले होते.” दाराच्या दगडावरचं ऊन दाखवलं, पानं दाखवली. कुणीतरी बाहेर ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक करकरत होतं. सांदाच्या हातातली सुरी थांबली होती.

“चार बुधवार,” सांदा म्हणाली. आवाज अगदी खालच्या पट्टीत. “चार बुधवार तुम्ही इथे येताय. माझ्या हातात सूप देताय. मी तुमचे हात हातात घेतले, बाई. मी देवळात तुमच्या नावाची मेणबत्ती लावली!”

“हो.”

“हो काय हो? हा रात्री ओरडतो, ‘दिसलं होतं, दिसलं होतं’ म्हणून. पोरं घाबरतात फोनवर. आणि तुम्ही वांगी भाजताय?”

माफ करा म्हणावं असं वेतुरियाला वाटलं होतं, येताना बसमध्ये ते शब्द तयारही होते. पण आता त्यांना खोलीत कुठे ठेवायला जागा दिसेना. पोंपिलियूने मोबाइल जवळ धरला होता, मग लांब, मग तिरका.

“म्हणजे इथे ती नव्हतीच,” तो अखेर म्हणाला.

“नाही.”

“मग मी रोज रात्री काय बघतो?”

त्याने फोटो आणखी मोठा केला. “हे मूळ असणार. ना? फुटलेलं होतं एक, मला लागलं होतं एकदा गुडघ्याला.” थोड्या वेळाने तो म्हणाला, “नाही दिसत, ताई. मला तीच दिसते.”

“मलाही,” वेतुरिया म्हणाली.

तेव्हा त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्यात राग होता, तो यायला चार आठवडे उशीर झाला होता एवढंच. पण रागाच्या मागे काहीतरी सैल झालं होतं, घट्ट बसलेला नट एक आटा फिरावा तसं. “जा तुम्ही आता,” तो म्हणाला. “साहेब येतील. मी सही करत नाही. पण ते माझ्या बोलण्याने नाही भागायचं.” सांदाने झकुस्काची बरणी उचलली आणि तिच्या पिशवीत परत ठेवली. झाकण नीट लागलंय का, हेही तिने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेतुरियाने मोबाइल टेबलाच्या खणात ठेवला. त्याआधी तिने दोन गोष्टी केल्या होत्या. स्मरांदाला फोन लावला आणि सांगितलं की ऐकशील ते खरं आहे, आणि त्यात तुझा दोष नाही. आणि ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. नावांपुढे एकेक करून वाचल्याच्या खुणा उमटल्या, एकवीसच्या एकवीस. कुणी काही लिहिलं नाही. बाहेर, त्या साठ हजारांत, वर्तुळ फिरतच होतं. तिथे कुणाला पानं दाखवायला जाणार होती ती. साहेबांचा कागद सहीविना टेबलावर होता. अकराला अजून तीन तास होते. त्यानंतर ही खिडकी, हा मोरीचा वास, हे स्टूल बहुधा तिचं नसेल. आणि निकोदिमपासून साहेबांपर्यंत कुणी तिच्या शेजारी बसून जेवणार नाही, कारण एकदा ग्रुपचं बोलायला लागलं की सगळ्यांनाच बोलावं लागणार होतं. तिने वही उघडली. सोळा ऑक्टोबरचं पान. आठ वाजता, नऊ पूर्णांक चार. अक्षर तिचंच, सरळ, कुठेही न थरथरलेलं. तिने पट्टी ठेवून त्यावर एक आडवी रेघ ओढली. खालचा आकडा वाचता येत होता. शेजारी लिहिलं, ‘नमुना घेतला नाही. वाट पाहिली नाही.’ सही, आजची तारीख.

मग ती बूट घालून, नाड्या दुहेरी बांधून खाली आली. आता नमुन्याला दोघांनी जायचं होतं. निकोदिम गळ्यात शिट्टी अडकवून उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, टोपली मात्र तिच्या हातातून घेतली. बाकाशी दोघं सवयीने थांबली. डावीकडे, बीचखाली, खोडाच्या जागी एक खळगा होता, ओल्या भुशाने काळा झालेला. ती त्याच्याकडे बघत राहिली, निकोदिम टोपली घेऊन पुढे निघेपर्यंत. झऱ्याच्या खोलीत पाणी उकळल्यासारखं बुडबुडत होतं आणि बर्फासारखं गार होतं. तिने थर्मामीटर बुडवला, तीन मिनिटं धरला, आणि डोळ्यांच्या रेषेत आणून वाचला.

“किती?” निकोदिमने विचारलं. सकाळपासूनचा त्याचा पहिला शब्द.

“नऊ पूर्णांक चार,” ती म्हणाली.